सुबाभळीचा खोडवा

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना खोडवा म्हणजे काय हे सांगायला नको. ऊस जमिनीसरशी तोडून कारखान्याला गेला की रान मोकळे दिसते. पण पाणी पाजले की थोड्याच दिवसांत बुडख्यांतून कोंब वर येतात आणि नवे बेणे न लावता दुसरे पीक उभे राहते. शेतकऱ्याला हा खोडवा हवा असतो. माझ्या परड्यात मात्र असा एक खोडवा उभा राहिला, जो मला मुळीच नको होता. तो उसाचा नव्हता, सुबाभळीचा होता. त्याने मला दोन वर्षे झुंजवले आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला थोडे वनस्पतिशास्त्रही शिकवले. ते कसे, हे आज तुम्हांला सांगणार आहे.

आमचे घर कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत. मागे लहानसे परडे. परड्याच्या कडेला दगडी बांधणीचा आड आहे; तो शेजारच्या आक्कांचा, पण पाणी दोन्ही घरे वापरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा शहराला पाणीपुरवठा करणारी उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली आणि नळ कोरडे पडले. आमची पेठ उंचावर असल्यामुळे पूर तेथवर आला नाही. त्या दिवसांत सगळ्या गल्लीने आक्कांच्या आडाचे पाणी नेले. प्यायचे ते उकळून घेतले. या आडापासून जेमतेम बारा फुटांवर मांडीएवढ्या बुंध्याची एक सुबाभूळ होती, आणि परड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात पोटरीएवढ्या जाडीची दुसरी.

पाहुणी आली, घरची झाली

सुबाभळीचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. भराभर वाढते, पाला जनावरे आवडीने खातात, लाकूड जळणाला उपयोगी पडते आणि मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. एवढे गुण पाहून १९७० नंतरच्या काळात मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने तिच्या उंच वाढणाऱ्या वाणांचा महाराष्ट्रात पुष्कळ प्रसार केला. चारा आणि सरपण यांची टंचाई असलेल्या गावांना तिचा आधारही झाला.

पण या झाडाला शेंगा फार. शेंगा तडकून बी खाली पडते आणि जेथे पडते तेथे रुजते. जेथे जनावरे पाला खात नाहीत आणि कोणी फांद्या तोडत नाही, तेथे ते हाताबाहेर जाते. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जीवजातींची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००० साली प्रसिद्ध केली. तीत आपल्या ओळखीची घाणेरी आहे, तशी ही सुबाभूळही आहे. आमच्या परड्यात मोगऱ्याच्या वाफ्यात, फरशीच्या सांध्यांत आणि आडाच्या दगडांमध्येही तिची रोपे दिसू लागली, तेव्हा मी दोन्ही झाडे काढायचे ठरवले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. झाड आपल्या अंगणातले असले, तरी शहरात ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी कायदा आहे. त्यानुसार महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून आधी परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळाले आहे. झाड तोडणे म्हणजे केवळ कुऱ्हाड चालवणे नव्हे. त्याला जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही या कायद्याच्या दृष्टीने तोडणेच. मी रीतसर अर्ज केला, परवानगी घेतली, आणि मगच कामाला लागलो.

माझी पहिली चूक

मे २०२२ मध्ये आडाजवळचे झाड मी जमिनीसरशी कापून घेतले. बुंधा इतका साफ कापला होता की वर पाट ठेवून बसावे. काम झाले असे समजून मी स्वस्थ झालो. जून उजाडला, पाऊस लागला आणि बुंध्याच्या कडेने अकरा फुटवे निघाले. दिवाळीपर्यंत ते माझ्या डोक्यावर गेले. पूर्वी एक खोड होते, आता अकरा झाली!

असे का झाले? झाडाच्या सालीखाली, विशेषतः खोड आणि मूळ जेथे जुळतात त्या मानेपाशी, कितीतरी सुप्त डोळे असतात. शेंडा जागेवर असतो तोवर तो पाठवत असलेल्या संप्रेरकांमुळे हे डोळे दबून राहतात. शेंडा गेला की धाक संपला. शिवाय झाडाने मुळांत आणि बुंध्यात पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा, साठा करून ठेवलेला असतो. डोळ्यांनी फुटायचे आणि साठ्याने त्यांना पोसायचे. उसाच्या बुडख्यात नेमके हेच घडते. मी खोड नेले आणि डोळे व साठा या दोन्ही गोष्टी जागच्या जागी ठेवल्या.

तुम्ही विचाराल, खोडाभोवतीची साल गोल सोलून झाड वाळवता येत नाही का? येते. सतराव्या शतकात इटलीतील मार्चेलो माल्पिगी या शास्त्रज्ञाने झाडांची साल कंकणासारखी काढून पाहिली, तेव्हा कंकणाच्या वरचा भाग फुगला. मुळांचे पाणी आतल्या लाकडातून वर जाते, तर पानांनी केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली येते. साल तोडली की अन्नाची वाट तुटते आणि मुळे हळूहळू उपाशी पडतात. पण सुबाभळीसारखे झाड कंकणाच्या खालूनही फुटवे काढते. आणि समजा मेलेच, तर वाळलेले उभे झाड वळिवाच्या वाऱ्यात कोणाच्या कौलांवर पडेल याचा भरवसा नाही. दाट वस्तीत हा मार्ग नको.

मीठ, मोरचूद आणि आक्कांचा आड

माझी फजिती पाहून गल्लीतले तात्या आले. तरुणपणी तालमीत घुमलेले, बोलणे रोखठोक.

“सर, बुंध्याला भोकं पाडा, किलोभर मोरचूद भरा, नि वरनं पाच किलो खडं मीठ वता. म्हयन्यात झाड खल्लास!”

कठड्यापलीकडून आक्का म्हणाल्या, “तात्या, झाड मरंल, पर माझ्या आडाचं काय? म्हापुरात समद्या गल्लीनं ह्येच पाणी नेलं न्हवं?”

आक्का शाळेत फारशा गेलेल्या नाहीत, पण प्रश्न त्यांनी अगदी मोक्याचा विचारला. पदार्थ टाकला, त्याचे काम झाले, पुढे तो जातो कोठे? चला, पाच किलो मिठाचा हिशेब करू. मिठाच्या वजनात सुमारे साठ टक्के क्लोराइड असते. म्हणजे पाच किलोंत तीन किलो, अर्थात तीस लाख मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असलेले चांगले. तीस लाखांना २५० ने भागा. उत्तर येते १२,०००. म्हणजे बारा हजार लिटर पाण्यात आधी मुळीच क्लोराइड नसते, तरी त्याला या मर्यादेवर नेऊन ठेवायला ते पाच किलो मीठ पुरले असते. सगळेच मीठ आडात उतरेल असे नाही. पण जे मातीत राहील ते तेथे दुसरे काही धड उगवू देणार नाही. खारट मातीतून मुळांना पाणी ओढणे कठीण जाते.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या वजनात चौथा हिस्सा तांबे. तांबे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळत नाही, त्याचे दुसरे काही होत नाही. मातीत शिरले की ते वर्षानुवर्षे तेथेच, आणि गांडुळांना ते घातक. आक्कांचे म्हणणे मला पटले. झाड घालवायचे ते आडाला धक्का न लावता.

झाडाचे पासबुक

आडाजवळच्या झाडाचे खोड तर मी आधीच गमावून बसलो होतो. उरला एकच मार्ग: साठा संपवणे. झाडाच्या मुळांना आपण बँकेचे खाते समजू. नवा फुटवा काढायचा म्हणजे खात्यातून पैसे काढायचे. फुटव्याची पाने मोठी होऊन उन्हात काम करू लागली की पुन्हा जमा सुरू. आपण जमा होऊ दिली नाही, तर खाते रिकामे झालेच पाहिजे.

जमा किती होते? कोल्हापुरात एक चौरस मीटर जागेवर दिवसाला सरासरी पाच किलोवॉट-तास, म्हणजे १८० लाख ज्यूल सौर ऊर्जा पडते असे ढोबळमानाने धरू. पाने त्यातील एखादा टक्काच अन्नात साठवतात असे मानले, तरी १ लाख ८० हजार ज्यूल झाले. एक ग्रॅम पिष्टात सुमारे १७ हजार ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे एक चौरस मीटर पालवी दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास, महिन्याला पाव किलोहून अधिक भरणा करते. (झाडाचा श्वसनावरचा खर्च यातून वजा जातो, पण अंदाजाला एवढे पुरे.) “मे महिन्याच्या सुट्टीत बघू” असे म्हणणाऱ्याचे झाड का मरत नाही, हे आता ध्यानात येईल. दोन महिने दुर्लक्ष केले की आधीचा सगळा खर्च भरून निघतो.

२०२३ च्या पाडव्यापासून आम्ही नियम केला. दर पंधरवड्याला, पाने पुरती उघडण्यापूर्वीच, सर्व फुटवे मुळाशी धरून खुडायचे. नुसते कापायचे नाहीत. कापलेल्या खुंटावरचे डोळे पुन्हा फुटतात. मग बुंध्यावर चार ओली पोती, त्यावर माती आणि वरून जुनी ताडपत्री. प्रकाश नाही म्हणजे भरणा नाही. पोत्यांखाली जे फुटवे निघाले ते पांढुरके आणि लांबुडके होते. बटाटा अंधारात फुटतो तेव्हाचे कोंब आठवा. त्यांच्यावर खर्च तर झाला, पण जमा शून्य.

खुडलेला पाला वाया गेला नाही. आक्कांच्या शेळीला तो फार प्रिय. ताडपत्रीच्या कडेने चुकून एखादा फुटवा बाहेर आला, तर तो आमच्याआधी तिच्या नजरेस पडे. मात्र सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचे एक द्रव्य असते. घोड्याने हा पाला फार खाल्ला तर त्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. शेळ्या-गाईंच्या पोटातले जंतू ते बरेचसे मोडू शकतात, तरीही हा पाला इतर चाऱ्यात मिसळून थोडाच द्यावा.

माझ्या पुतणीने प्रत्येक खेपेचे फुटवे वहीत मांडून ठेवले. पहिल्या खेपेला अकरा, पावसाळ्यात एकदा चौदा, मग नऊ, सहा, आणि दिवाळीनंतर दोन. तेही काडीएवढे. २०२४ च्या जानेवारीनंतर वहीत शून्यच लिहावे लागले. मे महिन्यात पहार घातली तर साल हाताने निघाली, आणि खालचे लाकूड बुरशीने भुसभुशीत झाले होते. ओलावा आणि शेणकाला दिल्यावर उरलेले काम बुरशीने आणि वाळवीने केले.

दुसरे झाड आणि खांद्याएवढा खुंट

कोपऱ्यातल्या पोटरीएवढ्या झाडाच्या वेळी मी शहाणा झालो होतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, माती ओलसर असतानाच, फांद्या उतरवून पाच फूट उंचीचा खुंट मुद्दाम ठेवला. तो खुंट म्हणजे फुकट मिळालेली तरफ! भोवताली दीड फूट खोल चर खणला आणि आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडली. सोटमूळ तेवढे राहिले.

तात्यांनी खुंटाच्या शेंड्याला दोर बांधून एकट्याने हिसका दिला. खुंट जेमतेम कलला आणि पुन्हा ताठ झाला. मग मी तोच दोर वीस फुटांवरच्या नारळाला ताणून बांधला (नारळाच्या खोडाला पोते गुंडाळून), आणि पुतणीला म्हटले, “दोराच्या बरोबर मध्यावर उभी राहा आणि दोर आडवा ढकल.” तिने ढकलला, आणि खुंट करकरला!

ही जादू नव्हे. ताणलेला दोर मध्यावर आडवा ढकलला की दोराच्या दोन्ही भागांतील ताण मिळून त्या ढकलीला तोलतात. दोर मूळ रेषेपासून ५ अंश वळला असेल, तर ताण म्हणजे ढकल भागिले ५ अंशाच्या साइनची दुप्पट. ही साइन ०.०८७ आहे. म्हणजे ३० किलोग्रॅम-भाराने ढकलले तर दोरात सुमारे १७२ किलोग्रॅम-भार ताण येतो, जवळजवळ पावणेसहा पट. हा ताण जमिनीपासून पाच फुटांवर लागतो. एक फूट खोलीवरच्या मुळाशी तरफेने तो आणखी पाच पट होतो. दोन्ही मिळून सुमारे २८ पट. दोर ताणतो, माती दबते, त्यामुळे प्रत्यक्षात लाभ कमीच. पण तात्यांना बाजूला उभे करायला तेवढा पुरला.

निसर्ग मात्र फुकट काही देत नाही. ५ अंश वळण म्हणजे मध्यावर दोर साडेदहा इंच सरकला. तेवढ्यात खुंटाचा शेंडा इंचभरही हलत नाही. बळ वाढले, अंतर घटले, कार्य तेवढेच. म्हणून दर वेळी खुंटाच्या बुडाशी पहारीने पाचर सारायची, दोर पुन्हा ताणायचा आणि पुन्हा ढकलायचे. असे सात-आठ वेळा केल्यावर खुंट आडवा झाला आणि सोटमूळ उघडे पडले. ते जमिनीखाली फूटभरावर करवतीने कापले. डोळे असलेली मान वरच्या तुकड्याबरोबर निघून आली. खाली राहिलेले सोटमूळ पुन्हा फुटले नाही.

हे काम करताना वडीलधारी माणसे बरोबर हवीतच. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तुटलेला दोर चाबकासारखा येतो. दोर भिंतीला किंवा विजेच्या खांबाला बांधू नये. खणण्यापूर्वी पाण्याचा नळ आणि वीजतारा कोठून गेल्या आहेत ते पाहावे. झाड मोठे असेल किंवा तारांजवळ असेल, तर ते आपले काम नव्हे, जाणकारांना बोलवावे.

करून पाहा

झाडे गेली, तरी बी मातीत आहे. सुबाभळीच्या बीचे कवच इतके टणक असते की त्यातून पाणी आत शिरत नाही, आणि असे बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते. तुमच्या परिसरात हे झाड असेल तर वाळलेल्या शेंगांतले चाळीस बी गोळा करा. वीस बी तसेच ठेवा. उरलेल्या वीस बियांचे टोक नेलकटरने किंचित टवका उडेल इतकेच कापा. दोन्ही गट वेगवेगळ्या वाट्यांत पाण्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी किती बी फुगले ते मोजा. मग ते ओल्या फडक्यात ठेवून रोजची नोंद करा. निरीक्षण संपल्यावर सगळे बी आणि कोंब उकळत्या पाण्यात बराच वेळ शिजवून मगच टाका, नाहीतर शाळेच्या आवारात माझ्यासारखी पाळी तुमच्यावर येईल!

आमच्याकडे दर जूनमध्ये पहिल्या पावसानंतर रोपे उगवतात. तेव्हा ती दोन बोटांनी उपटता येतात. पहिल्या वर्षी पाटीभर निघाली, पुढच्या वर्षी ओंजळभर.

परवानगीच्या अटीप्रमाणे २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही दोन बकुळी लावल्या, आडापासून चांगल्या लांब. आडाचे पाणी पूर्वीसारखेच गोड आहे. तात्या अधूनमधून येऊन बकुळीला पाणी घालतात आणि म्हणतात, “सर, पर मिठानं लौकर झालं असतं!” आक्का उत्तर देत नाहीत. आडातून काढलेल्या पाण्याचा तांब्या तेवढा त्यांच्यापुढे ठेवतात.